काळ्या मातीत अडकलेली वर्दी

गेल्या महिन्यात गुलाबच्या मुलीचं पत्र आलं... 'बाबा गेले.' वाचून मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता खरं काय घडलं ते जाणणारं दुसरं कुणी उरलं नाही, असं वाटलं. त्याचीच लाज वाटून हे लिहितो आहे.

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. गुलाब कौंडण्यपूरजवळच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. वर्धा नदीला पाणी चढलं की काठच्या गावांना सायकलवरून वर्दी द्यायची, म्हणून त्यानं आम्हा अमरावतीच्या सायकलवाल्यांचं दल उभारलं. पावसाळ्यात आम्ही पाळीपाळीनं त्याच्या घरी मुक्कामाला असू. त्याचा एकच नियम होता, मृग लागला की मडगार्ड काढायचे. मी वकिलाचा मुलगा, नवं लग्न, सासऱ्यांनी दिलेली कोरी सायकल. मी काढले नाहीत.

"वकीलसाहेब, वर्दी द्यायले चालले का सासुरवाडीले?" गुलाबनं टोकलं.

"धोतर खराब होते ना बे."

"धोतर धुता येते. चाक फसलं तं सायकल डोक्यावर नेशीन काय?"

त्याच दुपारी पाणी चढलं. गुलाबची आत्या राहत होती त्या वस्तीवर वर्दी द्यायला मला जायचं होतं. अर्ध्या वाटेत मडगार्डात काळी माती भरून चाकं गच्च झाली. काडीनं उकरायची, चार पावलं जायचं, पुन्हा गच्च. सायकल टाकून धावलो असतो तर पोचलो असतो. पण सासऱ्यांची सायकल बांधावर टाकवेना... पोचलो तेव्हा माणसं छपरांवर होती. म्हशी सोडायला गोठ्यात गेलेली आत्या परतली नाही.

गावासमोर गुलाब म्हणाला, "मीच उशिरा धाडलं त्याले." मी मान खाली घालून उभा. असं का म्हणालास, म्हणून नंतर विचारलं तर भडकला, "सायकल फसली म्हनून सांगू? मंग उद्या सायकलवाल्याचं आयकून घर कोन सोडन? तू गप राय."

मी गप्प राहिलो. जन्मभर. आत्याच्या घरानं त्याला पुन्हा उंबरा चढू दिला नाही.

गुलाबच्या तेरवीला त्याची मुलगी म्हणाली, "त्या वस्तीची पाळी बाबानं कोनालेच देल्ली नाही, काकाजी. दर पुराले सोताच जात. आंगनाबाहेरून हाक मारत, अन् मानसं निंगेपर्यंत तिथंच उभे राहत."

दुसऱ्या दिवशी मी त्या अंगणाबाहेर उभा राहून हाक मारली. आत्याचा नातू बाहेर आला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते होते तवा काहून नाही सांगितलं?"

मग तो वाटेतून बाजूला झाला.

"आत या," तो म्हणाला.

मी गेलो नाही.