नानांनी मिररलेस घ्यावा का?

“व्ह्यूफाइंडर साफ आहे, नाना,” मी पुन्हा म्हणाले.

“मग अंधारल्यासारखं का दिसतं? आत धूळ गेली असेल. उघडून पाहा ना, ताई.”

मी जळगावात कॅमेऱ्यांच्या दुकानात काम करते. नव्या कॅमेऱ्यांचे डेमो देणं, जुने तपासणं आणि कुणी कोणता घ्यावा ते सांगणं, हे माझं काम. नाना धुळ्याचे फोटोग्राफर. तिकडे लग्नाच्या फोटोंसाठी लोक त्यांची तारीख आधी विचारत आणि मग हॉल बुक करत. सामान घ्यायला ते नेहमी एकटे येत. त्या दिवशी त्यांच्या पत्नी, अक्का, बरोबर होत्या. स्टुलावर बसून त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

मी नानांचा डीएसएलआर डोळ्याला लावला. व्ह्यूफाइंडरच्या काचेतून समोरच्या रसवंतीची पाटी लख्ख दिसली. कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

“पाटी वाचता येते,” नाना म्हणाले, “पण संध्याकाळ झाल्यासारखी.”

बाहेर दुपारचं कडक ऊन होतं.

“त्यास्ले काचबिंदू शे,” अक्का एकदम बोलल्या.

“तुला कोणी विचारलं?” नाना त्यांच्याकडे वळले. मग मला म्हणाले, “थेंब चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आहे ती नजर टिकेल. गेलेली परत येत नाही. मी धंद्यात आहे तोवर टिकली की झालं.”

काचबिंदूत नजर बहुतेक कडेकडून जाते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं दिसत असतं, म्हणून आपलं काही जातंय हे माणसाला कळतही नाही. हे मला तेव्हा ऐकून माहीत होतं, एवढंच.

नाना खरं तर मिररलेस बघायला आले होते. जुन्या कॅमेऱ्याची तक्रार हे निमित्त. दोन्हींतला फरक सोपा आहे. डीएसएलआरमध्ये एक आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्यावर आपटून तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. हॉलमध्ये अंधार असेल तर आतही अंधारच दिसतो. मिररलेसमध्ये आरसा नाही. डोळा लावतो तिथे छोटा स्क्रीन असतो आणि कॅमेरा चित्र उजळून दाखवतो. फोटो कसा येणार ते बटण दाबण्याआधीच कळतं. शिवाय समोरच्या माणसाचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो आणि त्यावर फोकस धरून ठेवतो.

मी दुकानातला सगळ्यात महागडा डेमो पीस काढला. नानांनी डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. अक्कांवर नेम धरला. अक्कांनी पदर सावरला.

“बठ्ठं दिखी ऱ्हायनं वं!” नाना अक्कांना म्हणाले. मग मला, “सगळं दिसतंय, ताई!” त्यांचा आवाज चिरकला.

आमचे शेठ केबिनमधून बाहेर आले. “घेऊन टाका, नाना. डोळ्याला डोळा मिळाला असं समजा.”

नानांनी कॅमेरा खाली घेऊन शेठकडे पाहिलं. मी नानांच्या उजव्या बाजूला उभी होते. सहज हात वर केला, बोटं हलवली. त्यांना काही कळलं नाही. हात आणखी पुढे, त्यांच्या गालाच्या रेषेत आणला. तरी नाही. शेठनी ते पाहिलं आणि भुवया वर केल्या.

मी म्हणाले, “नाना, दुकानात सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. एका लग्नात वापरून बघा. मी पीस घेऊन येते.” डेमो पीस स्टाफशिवाय बाहेर जात नाही, असा नियम आहे.

नाना खूश झाले. एरंडोलला त्यांचं एक काम होतंच. ते लेन्स बघायला काउंटरच्या टोकाला गेले तेव्हा अक्का माझ्याजवळ आल्या.

“ताई, नाही म्हणू नका त्यांना. घेऊ द्या. घरात बसले तर माणूस राहणार नाही.”

“पण अक्का, उपयोग झाला पाहिजे ना?”

“मला कळतं सगळं. जेवताना ताटाच्या कडेची चटणी दिसत नाही त्यांना. मी वाटी मधे सरकवते. तुम्ही घेऊ द्या.”

त्या गेल्यावर शेठ मला म्हणाले, “गिऱ्हाईक स्वतः मागतंय. आपण डॉक्टर आहोत का?”

मी डेमो पीसची बॅटरी चार्जिंगला लावली.

एरंडोलचं लग्न बौद्ध पद्धतीचं होतं. नवरीचे वडील दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ताठ, कमी बोलणारे. सगळी व्यवस्था स्वतः बघत होते. वधू-वर पांढऱ्या कपड्यांत. पांढरा रंग फोटोग्राफरची परीक्षा घेतो. जरा उजेड जास्त झाला की साडीची घडी, जरीचे काठ, सगळं पुसून नुसता पांढरा डाग उरतो. नाना स्क्रीनवर बघत उजेड कमी-जास्त करत होते आणि प्रत्येक फोटो नेमका येत होता. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, फुलं उधळली. पाकळ्यांच्या आडूनही कॅमेऱ्याने नवरीचा डोळा सोडला नाही. नाना वळून माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, मीच उगाच शंका घेतली.

एकदा मागे सरकताना ते एका बाईंना धडकले. माफी मागितली. गर्दीत कोणीही धडकतं.

मग नवरी निघाली. आईच्या गळ्यात पडून रडत होती. नाना अगदी जवळ, समोर उभे. वडील बाजूला होते. दिवसभर त्या माणसाचा चेहरा हलला नव्हता. ते पुढे आले. मुलीला जवळ घ्यायचं बहुधा त्यांना जमेना. त्यांनी तिच्या केसांत अडकलेली एक पाकळी अलगद काढली. क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. मग खिशावर हात तसाच धरून उभे राहिले.

मी त्या हाताकडेच बघत राहिले. नानांना हात लावून सांगावं असंही सुचलं नाही. नाना आहेत म्हटल्यावर हा फोटो गेला नसणार, असंच मी धरून चालले होते.

नवरीची गाडी गेल्यावर हॉलमध्ये खुर्च्या आवरणं चालू होतं. आम्ही एका बाजूला बसून लॅपटॉपवर फोटो पाहू लागलो. एकेक फोटो मोठा करून नाना बघत होते. नवरीच्या पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता. पाठवणीचे फोटो आले. एका फोटोत कडेला, केसांजवळ, कुणाची तरी बोटं होती. अर्धी कापली गेलेली.

“हा हात कोणाचा?”

मी पुढचा फोटो लावला.

“ताई, हात कोणाचा?”

“नवरीच्या वडिलांचा.” मग काय घडलं ते सांगितलं. पाकळीचं, खिशाचं.

नानांनी तो फोटो परत आणला. “मी कुठे होतो तेव्हा?”

“तिथंच. समोर.”

“किती लांब?”

मी हात पुढे करून त्यांच्या खांद्याला लावला. “एवढं.”

फोकस कुणावर धरायचा ते कॅमेरा बघतो. कुणाकडे वळायचं ते त्याला सांगावं लागतं. पूर्वी नाना एक डोळा फाइंडरला लावत आणि दुसरा उघडा ठेवत. त्या दुसऱ्या डोळ्याने ते लग्न बघत असत. विकायला कितीही महागडी वस्तू असली, तरी तो डोळा आमच्या काउंटरवर नव्हता.

नानांनी लेन्सला झाकण लावलं. पट्टा गुंडाळला. कॅमेरा बॅगेत ठेवून बॅग माझ्याकडे सरकवली.

“चांगला कॅमेरा आहे,” ते म्हणाले. “ज्याला दिसतं त्याला द्या.”

मग उठून ते नवरीच्या वडिलांकडे गेले. मी बॅग घेऊन उभी राहिले. नाना हात जोडून काहीतरी बोलत होते. वडिलांनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली घेतले.

शेठ फार बोलले नाहीत. “सौदा गेला,” एवढंच म्हणाले. बोलल्या त्या अक्का, फोनवर. “तुम्ही खरं सांगायची काय गरज होती? कोणाचाही हात म्हणायचं. एखादा सीझन तरी निघाला असता त्यांचा.” मी ऐकून घेतलं. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण नानांनी पुन्हा विचारलं, तर मी तेच सांगेन.

त्या लग्नानंतर नानांनी बाहेरची कामं सोडली. काही काळ स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढले. माणूस समोर बसलेला, दिवे ठरलेले, तेवढं जमत होतं. पुढे तेही बंद केलं. स्टुडिओच्या गाळ्यात आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. मागच्या खेपेला धुळ्याला गेले तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. मी बाजूने हाक मारली. त्यांनी आधी समोर पाहिलं, मग आवाजाच्या दिशेने हळूहळू मान वळवली.

हल्ली चाळिशीपुढचं कोणी महागडा कॅमेरा घ्यावा का म्हणून विचारायला आलं, की मी बजेट नंतर विचारते. आधी विचारते, डोळे शेवटचे कधी तपासले? बरेच जण हसतात. म्हणतात, “ताई, मला सगळं दिसतं.”