दिपमालाताईंचा ब्रेकवरचा पाय

मेहरूण तलावाच्या रस्त्यावर सकाळी एखादी पांढरी गाडी गचके खात चाललेली दिसली की लोक म्हणत, दिपमालाताईंची शिकवणी सुरू झाली. जळगावात गाडी शिकवणारे पुष्कळ, पण घाबरट बायका शोधत यायच्या त्या ताईंकडे. ताई कधी ओरडत नसत. शिकणारीच्या डाव्या बाजूला बसायचं, गप्पा मारत राहायचं आणि आपल्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर पाय अलगद ठेवून द्यायचा. समोर म्हैस आली, रिक्षा मध्येच वळली, बाईने गोंधळून भलतंच काही दाबलं, तरी गाडी थांबायची. शिकणारीला वाटायचं, आपणच थांबवली. ताई तसंच वाटू देत.

अशी वीसेक वर्षं गेली. स्वतः चाकामागे बसायची त्यांना मनापासून हौस, पण घरची छोटी लाल गाडी निघायची ती भाजीला, नाहीतर शिरपूरला माहेरी. मग एक दिवस भूमिकाचा फोन आला. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता कोइमतूरला नोकरीला होती. "ताई, इथल्या रेसच्या ट्रॅकवर बायकांसाठी एक दिवस ठेवलाय. शर्यत नाही. आपापली गाडी आणायची आणि मोकळेपणी पळवायची. या ना!"

ताईंनी जेवताना ही गोष्ट हसत हसत सांगितली. त्यांचे यजमान हितेंद्र यांचा पाचोरा रस्त्याला गार खोल्यांत कच्ची केळी पिकवण्याचा व्यवसाय. माणूस मितभाषी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मग जाऊ की."

दोघं लाल गाडी घेऊन गेले. ट्रॅकवरच्या पहिल्या फेऱ्यांत ताईंना कळेचना, आपण इतकी वर्षं काय करत होतो. समोर म्हैस नाही, रिक्षा नाही, कुणाचं लेकरू रस्त्यात येत नाही. हेल्मेटच्या आत त्या एकट्याच हसत होत्या. मग एका लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी त्यांनी ब्रेक दाबला आणि पाय तसाच खाली खाली गेला, ओल्या कापसात रुतल्यासारखा. गाडी वळलीच नाही. ट्रॅक सोडून ती कडेच्या खडीत घुसली आणि धुरळा उडवत थांबली. कुणाला काही लागलं नाही. चाकांतून मात्र जळका वास येत होता.

तिथल्या प्रशिक्षकाने समजावून सांगितलं. रोजच्या वापराचे ब्रेक पॅड इतकी उष्णता सोसत नाहीत, त्यांची पकड सुटते. त्यात ब्रेक ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. "पहिल्यांदा येणाऱ्या पुष्कळांचं असं होतं," तो म्हणाला. ताईंनी मान हलवली, पण परतीच्या वाटेवर चाक हितेंद्ररावांकडेच दिलं.

घरी आल्यावर शिकवणी सुरू झाली खरी, पण ताईंचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. गरज नसताना त्या दुसरा ब्रेक दाबू लागल्या. एकदा मोकळ्या रस्त्यावर गाडी अशी थांबली, तेव्हा चाकामागची शिकाऊ मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही गं," ताई म्हणाल्या. "माझंच चुकतंय."

त्याच संध्याकाळी त्यांनी भूमिकाला फोन लावला. "पुढचा दिवस कधी आहे? मला परत यायचंय. पण आधी हे ब्रेकचं नीट समजून घेणार."

भूमिकाने धुळ्याच्या भूषणचं नाव सुचवलं. महामार्गालगत त्याचं गॅरेज. रॅलीत पळणाऱ्या गाड्या तो तयार करायचा. त्याने डब्यांतून दोन-तीन तऱ्हांचे पॅड काढून टेबलावर मांडले. ताईंनी सर्वांत दणकट दिसणाऱ्यावर बोट ठेवलं.

"हे निव्वळ शर्यतीचे, ताई. तापले की जबरदस्त धरतात. पण थंड असताना धरतच नाहीत. उद्या भाजीबाजारात कुणी आडवं आलं तर काय कराल?"

"नको रे बाबा!"

"मग हे मधले घ्या. ट्रॅकवरची उष्णता बऱ्यापैकी सोसतील आणि सकाळी घरातून निघतानाही धरतील. थोडे कुरकुरतील, काळी भुकटी पडेल, तेवढं चालवून घ्या. ऑइलही जास्त उष्णतेला उकळणारं घालू. आणि चाकांना वारा द्यायचा."

वाऱ्याचं नाव निघताच मागे उभे असलेले हितेंद्रराव पुढे झाले. पुढच्या बंपरच्या जाळीमागून चाकातल्या डिस्कपर्यंत, म्हणजे पॅड जिला धरतात त्या तबकडीपर्यंत, एक नळी न्यायची, असं भूषण सांगत होता. हितेंद्ररावांनी खाली वाकून पाहिलं. "नळीचं तोंड डिस्कच्या अंगावर ठेवू नका. आत मधोमध सोडा. आमच्याकडे केळीच्या खोक्यांवर नुसता वारा सोडून भागत नाही, तो खोक्यातून आरपार गेला तरच माल थंड होतो."

भूषण हसला. "मीही मधोमधच सोडणार होतो, भाऊ. डिस्कच्या पोटात फटी असतात, तिथून वारा बाहेर फेकला जातो. या, तुम्हीच धरा नळी."

दोघांनी मिळून आधी फक्त डाव्या चाकाला नळी बसवली, फरक पाहायला. भूषणच्या मित्राची एक बंद सूतगिरणी होती, आत लांबलचक सिमेंटचा रस्ता. तिथे परवानगी काढून ताईंनी आधी हलके ब्रेक मारत नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसू दिले, गाडी निवू दिली, आणि मग खरी चाचणी सुरू झाली. वेग घ्यायचा, ब्रेक मारायचा, पुन्हा वेग घ्यायचा. भूषणने तापमापक रोखला. डावी डिस्क उजवीपेक्षा चांगलीच थंड होती. हितेंद्ररावांचा चेहरा फुलला.

भूषण मात्र विचारात पडला. "तरी दोन्ही फार तापल्यात." तो ताईंच्या शेजारी बसला, काही फेऱ्या नुसता त्यांच्या पायाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण बठ्ठा दोष गाडीना नही, थोडा तुमच्या पायाचाही आहे. तुम्ही फार आधी ब्रेक दाबता, हलकाच दाबता आणि सोडतच नाही. पॅड सारखे घासत राहतात. त्यांना निवायला उसंतच मिळत नाही."

ताईंनी वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. त्या पायाने किती जणींना सांभाळलं होतं! दुसऱ्याची चूक होण्याआधीच तो ब्रेकवर जाऊन बसलेला असायचा. आता चाकामागे त्या स्वतः होत्या, तरी पाय मात्र अजून कुणाच्या तरी चुकीची वाट पाहत होता.

"मग कसं करू?"

"उशिरा दाबा, जोरात दाबा, आणि लगेच सोडून द्या. गाडीवर विश्वास ठेवा."

पहिल्या प्रयत्नांत त्यांचे डोळेच मिटायचे. मग हळूहळू जमू लागलं. दुपार कलताना त्यांनी एकदा असा ब्रेक मारला की लांब उभे असलेले हितेंद्रराव दचकले आणि त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. उजव्या चाकालाही नळी बसली. डिस्क आता आटोक्यात तापत होत्या.

हिवाळ्यात दोघं पुन्हा कोइमतूरला गेले. तो लांब पट्टा आला. पाय ब्रेककडे सरकू लागला. त्यांनी तो रोखला, आणखी थोडा रोखला, मग जीव खाऊन दाबला. पेडल दगडासारखं टणक लागलं. गाडी पुढून झुकली, वेग ओसरला, पाय सुटला आणि वळण अलगद मागे पडलं. लहान वयाच्या मुली त्यांना ओलांडून जात होत्या, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. शेवटची फेरी त्यांनी ब्रेकला जवळजवळ पाय न लावता सावकाश फिरवली, डिस्कना वारा मिळू दिला आणि तापलेले ब्रेक चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी केली. भूमिका धावत आली. ताईंनी तिला हेल्मेटसकट मिठी मारली.

आता महिन्यातून एका रविवारी ताई आपल्या शिकाऊ बायकांना त्या सूतगिरणीच्या आवारात नेतात. खरा, पूर्ण ब्रेक कसा मारायचा, एवढंच शिकवायला. त्या वेळी ताई आपले दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतात आणि तसं आधीच सांगूनही टाकतात.

परवा लताबाईंची पाळी होती. साठी उलटलेल्या, पारोळ्याकडच्या, मुलाच्या गाडीत एकट्याने देवदर्शनाला जायची इच्छा धरून आलेल्या. ब्रेक मारायची रस्त्यावरची खूण आली तशी त्यांनी किंचाळतच पेडल तळापर्यंत दाबलं. टायर चिरकले, गाडी जागच्या जागी उभी राहिली. लताबाईंनी एक डोळा उघडून काचेबाहेर पाहिलं.

"व माय! उभीच राहिनी ना ही!" त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून पुन्हा चाकाला हात घातला. "आखो एक डाव करू का?"