भिवाचा पंचा

इंदुताईंनी पुसलेल्या दरवाजाकडे कधी कुणी बोट दाखवलं नव्हतं. महाळुंग्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दरवाजांवर रंग चढायच्या आधी पत्रा पुसायचं त्यांचं काम. पुसण्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा पुसून बघावं! पत्र्यावर तेलाचं बोट राहिलं तरी रंग तिथून अंग काढून घेतो आणि बारीक खड्डा पडतो. इंदुताईंना आपल्या हाताचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

श्रावणात त्यांना लाइनच्या तोंडाशी बसवलं. शिफ्टचा पहिला दरवाजा आता त्यांच्या हातचा. आणि नेमक्या त्याच पहिल्या दरवाजावर रोज खड्डे पडायला लागले.

सुपरवायझर निरंजनसाहेबांनी आधी रंगाला दोष दिला, मग हवेला. बाया पुरवणारा ठेकेदार खंडूशेठ मात्र थेट त्यांच्या डोक्यांवर घसरला. "तेल थापून येतात साहेब. सोमवारपासून सगळ्याच बदलून टाकतो." इंदुताईंच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात लॅबमधली मिनल एक यंत्र घेऊन आली. केस वाळवायच्या यंत्राएवढंच होतं ते. "यातून इन्फ्रारेड किरण पत्र्यावर पडतात," ती म्हणाली. "आपल्याला दिसत नाहीत. पण परत येतात तेव्हा वर काय चिकटलंय ते सांगतात. अगदी पुसटसं असलं तरी."

पहिला दरवाजा पुसण्याआधी तिने यंत्र लावलं. पत्रा स्वच्छ. मग इंदुताईंना पुसायला सांगून पुन्हा लावलं. पडद्यावर रेघ टुणकन वर आली.

"मशीनचं तेल नाही हे. खोबरेलाशी जुळतंय."

"बघा, मी काय म्हणत होतो!" खंडूशेठ खूश झाला.

"पण केसांतून कसं पडेल? टोप्या आहेत सगळ्यांच्या. हे पुसण्यातूनच येतंय," मिनल म्हणाली. कंपनीचं फडकं तपासलं, ते कोरं निघालं. सगळ्यांच्या नजरा इंदुताईंवर. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून एक विरलेला पंचा काढून मिनलसमोर धरला.

"ह्यांचा हाय. पहिल्या दरवाजावरून शेवटचा हात याचा फिरवते, मुठीत दडवून."

'हे' म्हणजे त्यांचा नवरा भिवा. पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होता. काय दिवस होते ते! सकाळचा भोंगा झाला की अख्खी चाळ एकदम सायकलींवर चढायची. लग्नानंतर लातूरकडून आलेली इंदू डबा घेऊन गेटवर जायची आणि डब्यापेक्षा गप्पाच जास्त पोचवायची. भिवाची एक खोड होती. डोक्याचा पंचा सोडून तो आधी मशीन पुसायचा, मग पंचा कपाळाला लावायचा आणि मगच पहिला नग चढवायचा. "पहिला नग आपल्या फडक्याचा," म्हणायचा. त्या डोक्यावर तेल घालायचं काम इंदूचं. कोमट खोबरेल, तेही ओंजळभर. "डोकं हाय का दिव्याची वात?" ती कुरकुरायची आणि आणखी ओतायची. पुढे कंपनी बंद पडली. भिवा कुठेकुठे वॉचमन झाला तरी पंचा डोक्यावरच होता. मग एका उन्हाळ्यात भिवाही गेला.

"पण धुतलेला हाय हो!" इंदुताई म्हणाल्या. "कितींदा गरम पान्यात धुतला. पहिल्यांदा ह्यांचा वास यायचा. आता नाकाशी धरून धरून दमले, कायबी येत न्हाई."

मिनलने पंच्यावर यंत्र टेकवलं. पडद्यावर सुताच्या स्वतःच्या रेघा उमटल्या आणि त्यांच्यातून खोबरेलाची तीच रेघ वर आली. "आहे मावशी. सुताच्या आत मुरलंय. धुऊन नाही जात ते."

इंदुताई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे बायांचा काही दोष नाही. खंडूशेठ, कुणाला बदलायचं नाही," निरंजनसाहेब म्हणाले. मग इंदुताईंकडे वळले. "पण मावशी, हा पंचा पुन्हा लाइनवर दिसला तर मला तुम्हाला काढावं लागेल."

नोकरी राहिली होती. तरी इंदुताईंच्या चेहऱ्यावर ते काही दिसेना. मिनलला राहवलं नाही. "साहेब, लॅबमधल्या द्रावणात बुडवला तर सगळं तेल निघून जाईल. मग मी तपासून देते. चालेल?" साहेबांनी मान डोलावली. मिनलने हात पुढे केला. "आणा मावशी. उद्यापासून पहिला दरवाजा पुन्हा यानेच पुसा."

इंदुताईंनी पंचा छातीशी धरला.

"नको बाई. इतके दिस वाटलं, हे पार निघून गेले. तू म्हनतीस अजून हायेत. तर ऱ्हाऊ दे."

पंचा त्यांनी घडी घालून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवला, कंपनीचं फडकं उचललं आणि पहिला दरवाजा पुसायला घेतला.