भूत उतरवणारी मास्तरीण

ख्रिस्ती मासिकासाठी मी कादंबऱ्या लिहायला लागले तेव्हा रत्नागिरीला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या मंडळीतल्या बायका भजनं रचत, फार तर एखादी बोधकथा लिहीत. मी मात्र बुडालेल्या गलबतातून येणारे आवाज, गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या अंगात शिरलेला सैतान, त्याच्याशी झुंजणारे देवदूत असलं लिहायचे. संपादक पत्रं धाडून पुढच्या प्रकरणाची घाई करायचे. आमच्या पाळकसाहेबांना हे मुळीच पसंत नव्हतं. एकदा उपासनेनंतर सगळ्यांदेखत ते मला म्हणाले होते, "बाई, लोक प्रभूपेक्षा तुमच्या सैतानालाच जास्त ओळखायला लागलेत."

तिसऱ्या कादंबरीत मी एका मुलीची गोष्ट घेतली होती. तिची वाचा बसते, दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखं वाकतं. लहानपणी आईच्या तोंडून एका बाईबद्दल असं ऐकलं होतं, तेच मी वापरलं. शेवटी मिशनच्या शाळेतली एक मास्तरीण मुलीच्या कपाळावर हात ठेवते आणि येशूच्या नावानं सैतानाला हुकूम सोडते, असं योजलं होतं. तेवढं एक प्रकरण लिहायचं राहिलं होतं; मास्तरीण मुलीच्या दाराशी येऊन पोचते तिथवरचं छापून झालं होतं.

अशात एका शनिवारी दुपारी शाळेच्या अंगणात डोली येऊन टेकली. मागून एक बाई रडत येत होती. पुढचा माणूस खलाशी होता, जयगडचा. शिडाच्या मचव्यातून आपल्या मुलीला घेऊन आला होता.

"भुता काढणाऱ्या मास्तरीणबाई त्या तुमीच ना?" त्यानं विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"आमच्या बोटीवर एक किरिस्तांव हाय. त्यानं तुमची गोष्ट वाचून दाखवलीन. तुमी लिवलात तसाच झालाय बघा माज्या पोरीचा."

"दादा, ती गोष्ट आहे. मी मनानं रचलेली."

"रचलेली? मग ह्या असा होता ता तुमाला कसा कळला?"

मी डोलीवरचं लुगडं बाजूला केलं. चौदा-पंधरा वर्षांची पोर होती. दात घट्ट मिटलेले, ओठ दोन्ही बाजूंना असे ताणलेले की हसतेय असं वाटावं. डोळे मात्र पूर्ण जागे होते, आणि ते माझ्याकडेच बघत होते.

बघता बघता अंगण भरलं. आमच्या आळीतली माणसं आली, बाजारातून परतणारी थांबली. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं पुढं होऊन पवित्र शास्त्राचं पुस्तक तिच्या छातीवर ठेवलं, आणि पोरीचं अंग ताडकन वर उचललं गेलं. फक्त डोकं आणि टाचा डोलीला टेकलेल्या. "घाबरला! सैतान घाबरला!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी मोठ्यानं गीत धरलं, तशी ती पुन्हा वाकली. तिच्या घशातून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

"बाई, हुकूम सोडा," वडीलधारे म्हणाले. "उशीर करू नका."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिसऱ्यांदा तिचं अंग वाकलं. त्या घडीला मला वाटलं, मी लिहिलेलं माझ्यासमोर येऊन पडलंय.

गीत संपलं. सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात विहिरीवर कुणाची तरी कळशी दगडावर आपटली, आणि पोर पुन्हा तशीच वाकली. तेव्हा कुणी प्रार्थना करत नव्हतं. कुणी देवाचं नावही घेतलं नव्हतं.

मी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. तिच्या कानाशी वाकून अगदी हळू म्हटलं, "येशूच्या नावानं." काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. ती निपचित पडून होती, नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी तिच्या आईला विचारलं, "हिला कुठं लागलं होतं का?"

"खडकावरची कालवा काढताना शिंपल्यान पाय कापलान होता. पन तो भरला."

टाचेची जखम वरून मिटली होती, आत काळीनिळी दिसत होती.

"हे भूत नाही," मी म्हटलं. "हिला दवाखान्यात न्यायला हवं. आत्ताच."

खलाशी डोलीच्या आडवा उभा राहिला. "आमी किरिस्तांव नाय म्हणून हात आखडताव काय? तुमच्या धर्मात येवचा तर येतो. सगळा घर येतो. पन हिला सोडवा!"

अंगणात कुजबुज सुरू झाली. त्या वडीलधाऱ्यांचा चेहरा उजळलेला मला दिसला. त्याच वेळी गर्दीतून पाळकसाहेब पुढं आले. मला वाटलं, आता मला बाजूला सारून हेच प्रार्थनेला उभे राहणार. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"धनुर्वात असावा."

ते खलाशाकडे वळले. "पोर बरी झाली की मग धर्माचं बोलू. आता तुम्ही दांडीचं ते टोक धरा, हे मी धरतो." आणि खरोखरच त्यांनी डोलीला खांदा दिला. वाटेत कुणाला बोलू दिलं नाही.

डॉक्टरांनी बघताक्षणी धनुर्वातच सांगितला. आवाजानं, स्पर्शानं झटका येतो म्हणाले. जखम कापून धुतली, सुईनं औषध टोचलं, आणि काळोख केलेल्या खोलीत तिला ठेवलं. वाचेल असं त्यांनी सांगितलं नाही. मी शाळा सुटली की जाऊन तिच्या आईशेजारी बसायचे. आम्ही दोघी खुणांनी बोलायचो. पोरीचा श्वास अडकला की आई माझं मनगट आवळायची.

बऱ्याच दिवसांनी जबडा सुटला. चमच्यानं पेज गेली. मग एकदा ती बोबड्या जिभेनं म्हणाली, "बाय, तवा माज्या कानात काय बोललात?"

मी सांगितलं.

"मला वाटला, माजा नाव घेतलात."

पोर वाचली. धर्माचा विषय ना खलाशानं काढला, ना पाळकसाहेबांनी. पण भूत मीच उतरवलं, हे मात्र खलाशानं किनाऱ्यावर सगळ्यांना सांगितलं. मग घरात कुणाला भुतानं धरलंय म्हणत माणसं यायची. मी त्यांना दवाखान्याची वाट दाखवायचे. काही जात, काही मला शिव्या देत परत फिरत.

शेवटचं प्रकरण मी बदललं. त्यात मास्तरीण कपाळावर हात ठेवते, मग काढून घेते आणि डॉक्टरला बोलावते. संपादकांनी ते परत धाडलं. वाचक इतके महिने ज्यासाठी थांबले ते तुम्ही देतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी तेच प्रकरण पुन्हा पाठवलं. त्यांनी नाखुशीनं छापलं आणि पुढं बराच काळ माझ्याकडे काही मागितलं नाही.

मागितलं तेव्हा मी लगेच लिहायला बसले. गलबतं, आवाज, देवदूत, सगळं पूर्वीसारखंच आलं. सैतानही आला. या खेपेला तो गलबताच्या मालकाच्या अंगात होता. मालक धडधाकट, गोडबोल्या, दर रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर बसणारा. ते प्रकरण छापून आलं तेव्हा मंडळीतले पुढच्या बाकावरचे दोघेजण माझ्याशी बोलायचे बंद झाले.