कळमनुरीचे क्लॅरिनेट मास्तर

नवं लेकरू शिकायला आलं की मास्तर त्याला वर्गाच्या फरशीवर उताणं झोपवायचे आणि पोटावर भूगोलाचं पुस्तक ठेवायचे. "पुस्तक वर आलं पायजे, खांदे न्हाई." आठ दिवस हेच. क्लॅरिनेटला हात लावू द्यायचे नाहीत.

कळमनुरीकडच्या एखाद्या वरातीत तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. लाल कोट, सोनेरी झालर, बसलेली गालफडं. डीजे आले आणि बँड बसला, तेव्हा ते माझ्या शाळेत आले. "गुरुजी, रविवारी एक खोली द्या. लेकरं वरातीसाठी न्हाई, मुंबईच्या वाद्यवृंदासाठी तयार करतो. तिथं पगार असतो, बसायला खुर्ची असती." खुर्चीचं त्यांना फार होतं. सगळा जन्म चालत वाजवण्यात गेलेला.

टिकली एकच मुलगी. शिरड शहापूरची, मेंढरं राखणाऱ्याची लेक. तिचा सूर लागला की माझं वह्या तपासणं थांबायचं. मुंबईच्या एका वाद्यवृंदात निवडचाचणी होती. बापाला मेंढरं सोडून येता येईना, म्हणून तिला घेऊन मी आणि मास्तर गेलो.

बसवलेली रचना तिनं आत अशी वाजवली की दाराबाहेर आमच्या अंगावर काटा आला. मग दाराच्या काचेतून दिसलं, तिच्यापुढे स्वरलिपीचा नवा कागद ठेवला. पाच रेघा, त्यांवर काळे ठिपके. पाहून लगेच वाजवायचं. ती कागदाकडे पाहतच राहिली.

"काहून थांबली?" मास्तर पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, "ते मलाच येत न्हाई, गुरुजी. म्या सगळं कानानं शिकिवलं."

परीक्षक बाई तिला घेऊन बाहेर आल्या. "फुंक सुरेख आहे. पण वाचन लहानपणीच व्हायला हवं होतं. कुणी शिकवलं?"

पोरीनं अभिमानानं मास्तरांकडे बोट केलं.

"म्या न्हाई," मास्तर म्हणाले. "म्या नुसता संगं आलो."

परतीच्या गाडीत परभणी आली. तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, तुमी असं काहून बोलले?" त्यांनी तिच्या क्लॅरिनेटची पेटी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. घरी गेलो तर म्हणाले, "लेकरायला येऊ नका म्हना. पुढचं मला ठावं न्हाई." ते ठाऊक असलेलं आमच्या तालुक्यात दुसरंही कुणी नव्हतं.

पोरीनं मोबाईलवर पाहून पाहून वाचन शिकायला घेतलं. मास्तर वारले, त्याच्या महिनाभर आधी ती मला घेऊन त्यांच्याकडे गेली. ते खाटेवर पडून होते. एक नवाच कागद भिंतीला टेकवून तिनं तो न अडखळता वाजवला.

"गुरुजी, बराबर हाय का?" मास्तरांनी मला विचारलं.

मी पोरीकडे पाहिलं.

"मला तर वाटतं, हाय," ती हळूच म्हणाली.

खात्रीनं सांगणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

"मंग अजून एकदा वाजव," मास्तर म्हणाले.