मिरचीला कोरोना झाला तेव्हा

पहिल्या टाळेबंदीत मी सोलापुरातून मोहोळजवळच्या आमच्या गावी आले, तर वडिलांनी मला घरातच घेतलं नाही.

"चौदा दिवस शेडनेटात ऱ्हा. तितं कुणी येत न्हाय."

शेडनेटात म्हणजे शेतातल्या जाळीच्या मांडवात, ढोबळी मिरचीत! पोटची लेक हो मी, आणि माझी खाट मिरचीच्या दोन ओळींमध्ये. वडिलांची त्या वर्षीची सगळी मदार त्या मिरचीवर होती, तरी मला तिथंच टाकलं.

बंदोबस्त कडक. आई भाकरी दारात ठेवून मागं सरायची. मी शिंकले की बांधावरून ओरड यायची, "तोंड तिकडं कर की!" तिकडं मिरची होती. मी मुकाट तिकडं शिंकायची. सकाळी मला बाहेर काढून वडील आत जायचे. दारात तोंडावरचा टॉवेल खाली ओढून तंबाखू मळायची, दाढेखाली धरायची, टॉवेल पुन्हा वर आणि मग फुटवे खुडायचे.

नवव्या दिवशी पानं चट्ट्यापट्ट्यांची झाली, आकसली. वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी मिरचीचा खूनच केला.

"दिला ना तू तिला कोरोना!"

"अहो, माणसाचा आजार मिरचीला होत नसतो!"

"तू डॉक्टर हायस व्हय?"

त्यांनी आईकडून बादलीभर आल्याचा काढा करवून घेतला आणि तांब्या-तांब्यानं झाडांच्या बुडाशी ओतला. मला रडूच फुटलं. खरं सांगते, एकदा मलाही वाटलं, झाला असेल तर?

शेवटी कृषी सहायकांना बोलावलं. त्यांनी लांबूनच पानं बघितली आणि विचारलं, "तंबाखू कोण खातं?"

पाहुण्याला हवी असेल, असं वडिलांना वाटलं. त्यांनी लगबगीनं पुडी पुढं केली. "घ्या की!"

ते गृहस्थ माझ्यापासून सरकले नव्हते इतके त्या पुडीपासून मागं सरकले. म्हणाले, हा तंबाखूवरचाच विषाणू. पुडीतल्या वाळक्या तंबाखूतही जिवंत राहतो. मळताना बोटांना लागतो, आणि तीच बोटं एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. रोगट झाडं उपटा, हात साबणानं धुवा, दुधात बुडवा, मगच झाडाला शिवा. आणि तंबाखू बंद.

वडिलांनी पुडी तिथंच पुरली. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं दूध त्यांच्या हातांना आणि आम्हाला कोरा चहा. निम्मी मिरची वाचली. मला मात्र चौदा दिवस भरल्यावरच घरात घेतलं, आणि चुकलं म्हणून एक शब्द नाही.

उलट येईल त्याला ऐकवायचे, "एका दिवसात तंबाखू सोडली! लई सोपं हाय."

एकदा आई भाकरी थापता थापता थांबली.

"तुमच्या गालात गाठ आली तवा डॉक्टर सोडा म्हनला. मी पाया पडले, उपाशी ऱ्हायले. तवा न्हाय सुटली." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी मिरचीच व्हायला पायजे हुतं."