थंड बीरू

नळ उघडला की नुसता फेस. बंद केला, परत उघडला, परत फेस. बसवराज ग्लास धरून माझ्याकडं बघत होता आणि त्याचे चार दोस्त त्याच्याकडं.

"मामा, हे काय बसवून दिलंय? दाढीचा साबण यायलाय नळातनं!"

"धार काढताना बी एवढा फेस येत न्हाई," एक दोस्त म्हणाला. बाकीचे खदखदून हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

बीदरमध्ये मी पंचवीसेक वर्षं फ्रिज-एसीची कामं करतोय. आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीजर, मेडिकलवाल्यांचे फ्रिज, डेअरीचे चिलर, सगळं हाताखालून गेलंय. नळाच्या बीअरचं हे पहिलंच काम होतं. नीट झालं तर नवीन धंदा सुरू होणार होता. बिघडलं तर गाव माझं नाव फेसवाला ठेवणार होतं, आणि आमच्या गावात एकदा पडलेलं नाव नातवापर्यंत चालतं.

बसवराज तुरीचा व्यापारी. हैदराबादच्या एका हॉटेलात त्यानं नळाची बीअर बघितली आणि तेव्हापासून तो नळ त्याच्या डोक्यात शिरला. बायको-मुलं लग्नाला हैदराबादला गेली होती. तेवढ्यात त्यानं एक्साइजचं परमिट काढलं, बीअर आणवली आणि दोस्तांना शनिवारचं आवतण दिलं.

सेटअप तसा सोपा असतो. बीअरचं स्टीलचं बंद पिंप येतं, त्याला केग म्हणतात. छोट्या सिलिंडरमधला गॅस केगमध्ये सोडायचा. तो बीअरला ढकलतो आणि ती पाइपातून वर नळाला येते. केग गार पाहिजे, गॅसचं प्रेशर बेतानं पाहिजे, केग हलता कामा नये आणि पाइप कुठं दबता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तरी ग्लासात फेसच पडतो.

बसवराजची अट एकच होती. हॉलमध्ये फ्रिज दिसायला नको, फर्निचर दिसलं पाहिजे. म्हणून मी बॉटल कूलरचं मशीन आत बसवलं आणि सुतारानं वरून सागवानाची दोन दारं केली, पितळी मुठींची. वर काउंटर, काउंटरवर नळ. केग शुक्रवारीच जोडून ठेवला आणि बसवराजला बजावलं की दार उघडू नका, गारवा जातो. तो शब्दाला जागला. दाराला त्यानं हात लावला नव्हता.

मी बाहेरच्या सिलिंडरवर प्रेशर बघितलं, बरोबर होतं. नळ खोलून बसवला, तोही ठीक होता. शेवटी दार उघडलं.

मी मधोमध ठेवलेला केग कोपऱ्यात सरकवलेला होता. त्याच्या डोक्यावर, बाजूला, पंख्यासमोर, जिकडं तिकडं लुगडी. इरकली लुगडी, घडीवर घडी, मधून मधून डांबराच्या गोळ्या. बीअरचा पाइप या सगळ्याखाली चेपून पार चपटा झाला होता.

"अण्णा, ही लुगडी कुणाची?"

बसवराजनं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अव्वा आली," तो हळूच म्हणाला. अव्वा म्हणजे त्याची आई. आळंद तालुक्यात निंबर्ग्याला शेतावर राहायची.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हातारी बाहेर आली. सकाळच्या गाडीनं आली तेव्हा बसवराज दुकानावर होता. शेजाऱ्यांकडं किल्ली असायची, ती घेऊन घर उघडलं आणि दमून झोपली होती.

"आलास व्हय रे? मी सोमवारी येनार होते, पण दम निगंना," ती म्हणाली. "सगळी मावली बघ. पन ते दुधाचं कॅन कामून ठेवलास आत? सरकवताना कंबर गेली माजी." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मिस्त्री तुमीच व्हय? लई चांगलं बीरू केलाव. माज्या पोरानं माज्या लुगड्यांना एसी लावला!"

आता हे बीरू समजून घ्या. कानडीत कपाटाला बीरू म्हणतात. आणि कानडी बोलणाऱ्याच्या तोंडी बीअरचंही बीरूच होतं. आमच्याकडं घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना उर्दू. त्यामुळं असे घोटाळे आम्हाला नवीन नाहीत, पण लुगड्यांपर्यंत गेलेला हा पहिलाच.

बसवराजनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"मामा, मी सुताराला सांगत होतो, आत बीरू ठेवायचंय, सागवान चांगलं लाव. अव्वाचा फोन चालूच होता. तिकडनं अव्वा म्हनली, मला बीरू करायलास व्हय? मी व्हय म्हनलो."

"कामून म्हणलाव?"

"मग काय सांगू? दारू ठेवायला करायलोय म्हनून? सोमवारच्या आत लोखंडी कपाट आनून ठेवनार होतो."

आम्ही बाहेर आलो तोवर दोस्तांनी लुगडी काढून सोफ्यावर ठेवली होती. म्हातारी दारांच्या सागवानाची तारीफ करत होती. मी पाइप सरळ केला, केगला घटकाभर शांत होऊ दिलं आणि सवयीनं नळाखाली ग्लास धरला. सोनेरी, स्वच्छ धार आली. वर दोन बोटं फेस, पाहिजे तेवढाच. "वा मामा!" सगळे एकदम ओरडले. मला इतका आनंद झाला की आपण कुणासमोर उभे आहोत हेच विसरलो.

म्हातारीनं ग्लासाकडं बघितलं. मग नळाकडं. मग त्या दुधाच्या कॅनकडं.

"हे तुजं बीरू व्हय?" तिनं पोराला विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"मला वाटलं, माज्यासाटी केलास."

ती चिडली नाही, आवाजही चढवला नाही. सोफ्याजवळ जाऊन एकेक लुगडं उचलून खांद्यावर टाकायला लागली. मला फार वाईट वाटलं. भरलेला ग्लास हातात होता आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

बसवराज पुढं झाला. तिच्या खांद्यावरची लुगडी त्यानं उतरवून घेतली.

"तुजंच हाय, अव्वा. मामा, केग काढा."

"आत्ता?"

"आत्ताच."

माझ्या नळाच्या बीअरच्या पहिल्या सेटअपमधून निघालेला धड ग्लास एवढा एकच. दोस्तांनी केग उचलून मागच्या अंगणात नेला. पुढं त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. मी नळ काढला, त्याच्या भोकाला लाकडी टोपी बसवली, आत हँगरसाठी दांडा लावला. म्हातारीनं शेजारी उभं राहून सगळी लुगडी परत रचून घेतली आणि तिचा चेहरा हळूहळू खुलला.

निघताना मी तिला खरं ते सांगितलं. "अव्वा, गारव्यात कापडाला ओल धरते. मशीन बंद करून जातो."

"बंद?" ती माझ्यावरच उखडली. "निंबर्ग्याच्या बाया बगायला येयच्यात. त्यांना काय गरम बीरू दाखवू?"

मी थंडावा अगदी कमी केला, पंखा तेवढा चालू ठेवला आणि घरी आलो. बसवराजनं घेतलेलं लोखंडी कपाट सोमवारी आलं. त्यात ती पापड ठेवते.

तेव्हापासून कुठल्याही घरात काम घेताना मी आधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसतो आणि विचारतो, इथं काय व्हायलंय म्हणे? त्यांचं आणि मालकाचं उत्तर जुळलं, की मग मापं घ्यायला टेप काढतो.